कोणाच्या तुलनेत

आभा घारपुरे कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला पोचली तोवर तिला एका प्रश्नाची धास्ती बसली होती. गणपतीत मराठी मंडळी जमली की, नाशिकहून आत्याचा फोन आला की, बाबांच्या बँकेतलं कोणी घरी जेवायला आलं की तो प्रश्न यायचाच. बिझनेस इकॉनॉमिक्स म्हणजे नक्की काय? कॉमर्स का? मग सी.ए. का करत नाहीस? अर्थशास्त्र का? मग त्यात बिझनेस कशाला? आभा काहीतरी उत्तर द्यायची, समोरचा मान हलवायचा, आणि उत्तर मिळालेलं नाही हे दोघांनाही कळायचं.

खरं म्हणजे तिलाही ते नीट माहीत नव्हतं. मागणी-पुरवठ्याच्या रेघा काढून झाल्या होत्या, संख्याशास्त्राचे पेपर देऊन झाले होते, कंपन्यांचे ताळेबंद वाचायला ती शिकली होती. सगळे विषय बरे गेले होते. पण ते एकमेकांच्या शेजारी ठेवलेल्या डब्यांसारखे वाटायचे. कुठल्या डब्यातलं काय कधी लागणार हे कोणी सांगितलं नव्हतं. तिचे वडील श्यामकांत घारपुरे राष्ट्रीयीकृत बँकेत कर्ज विभागात अधिकारी होते. नाशिकहून कलकत्त्याला बदली झाली तेव्हा आभा आठवीत होती. परत जायची संधी त्यांना दोनदा आली आणि दोन्ही वेळा मुलीच्या शिक्षणासाठी त्यांनी ती सोडली. त्यांनी हे कधी बोलून दाखवलं नाही, फक्त अधूनमधून बँकेच्या परीक्षेची जाहिरात तिच्या टेबलावर ठेवून जायचे. आभाला ते जास्त लागायचं.

शेवटच्या वर्षाला प्रकल्प सक्तीचा होता. दोघादोघांनी मिळून बाहेरच्या एखाद्या संस्थेचा खरा प्रश्न घ्यायचा, माहिती गोळा करायची आणि शेवटी त्या संस्थेच्या लोकांसमोर मांडायचं. आभाची जोडीदार होती तियाशा, श्यामबाजारला राहणारी, सडेतोड बोलणारी मुलगी. विषय मात्र आभाकडे घरबसल्या चालत आला, गणपतीत भेटणाऱ्या सुयश दातेमुळे.

सुयशचं घराणं तीन पिढ्यांपासून कलकत्त्यात होतं. मराठी तो बोलायचा, पण त्यात 'मी जाणार' आणि 'आमी जाबो' यांची सरमिसळ व्हायची आणि त्याचं तोच हसायचा. तो एका खासगी कंपनीत सामाजिक कामांचा विभाग सांभाळायचा. कंपनीला मुलींच्या शिक्षणासाठी काही करायचं होतं आणि सुयशच्या डोक्यात होत्या नलिनीमावशी.

नलिनी देवस्थळी हे नाव कलकत्त्यातल्या मराठी घरांत सगळ्यांना माहीत होतं. त्या जन्मल्या याच शहरात, बागबाजारच्या शाळेत गणित शिकवून निवृत्त झाल्या, आणि नोकरीत असल्यापासून संध्याकाळी गरीब घरच्या मुलींना फुकट गणित शिकवत होत्या. वर्ग भरायचा गल्लीतल्या क्लबच्या खोलीत. कॅरम बोर्ड भिंतीला टेकवायचा, सतरंजी टाकायची आणि सुरू. नववी-दहावीच्या मुली यायच्या, काही जवळपासच्या, काही वर्ग संपल्यावर सियालदहला जाऊन लोकल पकडणाऱ्या. वर्तमानपत्रात त्यांच्यावर लेख आले होते. शेजारचे बंगाली लोक त्यांना गमतीने म्हणायचे की तुमच्या मराठा घोडेस्वारांच्या भीतीने आमच्या पूर्वजांनी या शहराभोवती खंदक खणला आणि शेवटी तुम्ही आत येऊन आमच्या पोरींना बीजगणित शिकवायला लागलात. मावशी म्हणायच्या, बीजगणिताची भीती घोडेस्वारांपेक्षा मोठी आहे, तिला खंदक पुरत नाही.

कंपनीला असे आणखी पाच वर्ग काढायचे होते, नलिनीमावशींच्या देखरेखीखाली. त्याआधी वर्गाचा किती उपयोग होतो हे कोणीतरी आकड्यांत मांडून द्यायला हवं होतं. सुयशने ते आभाला सुचवलं. काम चांगलं झालं तर आमच्याकडे प्रशिक्षणार्थी घेणार आहेत तेव्हा तुझं नाव पुढे करेन, असंही तो म्हणाला. आभाने त्याच दिवशी तियाशाला फोन केला.

काम मनासारखं चाललं. मावशींनी ज्या तीन शाळांतून मुली यायच्या तिथल्या मुख्याध्यापिकांना स्वतः फोन केले. शाळांनी नावं काढून, पण वर्गाला जाणाऱ्या मुलींपुढे खूण करून, गेल्या काही वर्षांचे मार्क दिले. सरस्वतीपूजेच्या सुमाराला दोघी वर्गातल्या मुलींशी बोलायला गेल्या. बऱ्याच जणी सणाच्या पिवळ्या साड्या सांभाळत बसल्या होत्या आणि प्रत्येकीला उत्तरं देऊन लवकर सुटायचं होतं. मावशी एका कोपऱ्यात खुर्चीवर बसून होत्या. पंचाहत्तरीला टेकलेल्या, गुडघ्यावर शस्त्रक्रिया झालेली, पण फळ्यावर कुठे चूक झाली की त्यांचा आवाज खोलीच्या दुसऱ्या टोकाला स्पष्ट ऐकू यायचा.

पहिला हिशोब आला तेव्हा आभाला हायसं वाटलं. वर्गाला येणाऱ्या मुलींचे दहावीच्या गणिताचे मार्क शाळेच्या सरासरीपेक्षा कितीतरी वर होते. फरक एवढा ठसठशीत होता की आलेख काढायचीही गरज नव्हती. तिने उत्साहाने सुयशला कळवलं. त्याने दुसऱ्या दिवशी एका माहितीपत्रकाचा नमुना पाठवला, वर मावशींचा फोटो आणि खाली तो आकडा.

मग दोघी तो हिशोब घेऊन बागची मॅडमकडे गेल्या. मॅडम त्यांच्या मार्गदर्शक होत्या, कमी बोलणाऱ्या. त्यांनी तक्ता वरपासून खालपर्यंत वाचला, चष्मा काढला आणि विचारलं, "जास्त, पण कोणाच्या तुलनेत?"

शाळेतल्या बाकीच्या मुलींच्या, असं तियाशा म्हणाली. मॅडमनी विचारलं, वर्गाला येण्याआधी या मुली कशा होत्या? मग त्यांनी तक्ता परत दिला आणि पुढच्या जोडीला आत बोलावलं.

व्हरांड्यात उभ्या राहून दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. हा प्रश्न त्यांनी वर्गात दहा वेळा ऐकला होता, परीक्षेत त्यावर उत्तर लिहून मार्कही मिळवले होते. उपचार घेणारा गट आणि न घेणारा गट मुळात सारखे हवेत, नाहीतर तुलना फसवी. पुस्तकात तो औषधांच्या आणि खतांच्या उदाहरणांनी समजावलेला होता. क्लबच्या खोलीतल्या, पिवळ्या साड्यांतल्या मुलींना तो लागू होतो हे दोघींच्या मनातही आलं नव्हतं.

त्यांनी पुन्हा सुरुवात केली. आठवीचे मार्क शाळांकडे होतेच. वर्गाला येणाऱ्या प्रत्येक मुलीसाठी त्याच शाळेतली, आठवीत जवळपास तेवढेच मार्क असलेली पण वर्गाला न आलेली मुलगी शोधायची आणि दोघींचे दहावीचे मार्क शेजारी ठेवायचे. काम किचकट होतं. तियाशाच्या घरच्या जेवणाच्या टेबलावर बसून, तिच्या आईने मध्येमध्ये आणून दिलेली मुडी, म्हणजे कुरमुरे, खात त्यांनी ते पुरं केलं.

फरक उरलाच नाही. आभाने तीन पद्धतींनी करून पाहिलं. कुठे वर्गातल्या मुली किंचित पुढे, कुठे किंचित मागे. नलिनीमावशींकडे हुशार, चिकाटीच्या मुली यायच्या आणि हुशार, चिकाटीच्या मुली म्हणूनच बाहेर पडायच्या. कारणही दिसत होतं. बंगालमध्ये शाळकरी मूल शिकवणीला जात नाही असं घर सापडणं कठीण. मावशींकडे न येणाऱ्या मुली दुसऱ्या कोणाकडे तरी जातच होत्या.

"तुझ्या मावशींना हे सांगणार कोण?" तियाशाने विचारलं. 

सुयशला मात्र सांगावंच लागलं. तो एस्प्लनेडला ऑफिसजवळच्या एका चहाच्या दुकानात भेटला. त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि मग समजावणीच्या सुरात म्हणाला, "पहिला आकडा खोटा नाही ना? मग तो पहिल्या पानावर राहू दे. दुसरा मागे कुठेतरी घाल, बारीक अक्षरात. कोणी काय वाचणार आहे."

पहिला आकडा खोटा नव्हता हे खरं होतं. आभा म्हणाली की विचार करते. सुयशने निघताना प्रशिक्षणार्थींच्या जागेचा विषय काढला, धमकी म्हणून नव्हे, आपुलकीने. मुलाखती पुढच्या महिन्यात आहेत, तयारी ठेव, म्हणाला. ती मेट्रोने घरी आली आणि येताना तिच्या डोक्यात एकच चाललं होतं, की दोन खऱ्या आकड्यांपैकी एक पुढे आणि एक मागे ठेवला तर खोटं कोण बोललं?

घरी जेवताना तिने घास नुसता फिरवत ठेवला तेव्हा आईने, मीनाने, विचारलं. धाकटा भाऊ यश मॅच बघायला उठून गेला होता. आभाने आईबाबांना सगळं सांगितलं. तीन वर्षांत पहिल्यांदाच ती आपल्या अभ्यासातलं काहीतरी घरी सांगत होती आणि दोघांनाही ते पहिल्या फटक्यात समजत होतं. आई म्हणाली, एवढ्या वयाच्या बाईला कशाला दुखवायचं, चांगलंच काम करताहेत ना.  बाबांनी विचारलं की तुझ्या दुसऱ्या हिशोबाची तुला किती खात्री आहे. आभाने विचार करून सांगितलं: मार्कांत मोठा फरक नाही याची पुरेशी आहे. अगदी थोडा असेल तर आमच्या माहितीत तो दिसणार नाही. आणि मार्कांशिवाय दुसरा काही फायदा होत असेल तर तो आम्ही मोजलेलाच नाही.

श्यामकांतांनी मान वर करून तिच्याकडे पाहिलं. "आमच्याकडे प्रस्ताव घेऊन येणारा माणूस कधी असं बोलत नाही," ते म्हणाले. "एवढं माहीत आहे, एवढं नाही. असं कोणी सांगितलं तर माझं निम्मं काम होईल." मग ताटावरून उठताना म्हणाले, "मी इतकी वर्षं लोकांना नकार देतोय. एक शिकलो. नकार द्यायचा तर समोर बसून द्यावा. चारचौघांत कळला तर माणूस विसरत नाही."

रविवारी सकाळी आभा बागबाजारला गेली. मावशी दोन खोल्यांच्या भाड्याच्या घरात एकट्या राहायच्या. त्यांची मुलगी रसिका बंगळूरला होती. त्यांनी पोहे केले होते आणि आभा आली म्हणून वर ओलं खोबरं घातलं होतं, त्यामुळे आभाला आणखीच कसंतरी झालं. तिने खाणं संपायची वाट पाहिली नाही. लॅपटॉप न उघडता तिने सांगायला सुरुवात केली, आधी पहिला आकडा, मग बागची मॅडमचा प्रश्न.

मावशींनी तिला मध्येच थांबवलं. "आठवीच्या मार्कांवरून जोड्या लावल्यात?"

"हो."

"त्याच शाळेतल्या?"

"हो, मावशी."

"आणि फरक नाही."

आभाने मान हलवली. मावशींनी बशी खाली ठेवली. बाहेर कोणीतरी मासे विकत चाललं होतं, त्याची हाक गल्लीच्या टोकापर्यंत गेली. आभाला वाटलं आता त्या उठून जायला सांगतील. रडल्या तर काय करायचं याचाही तिने विचार केला नव्हता.

"माझा गुडघा झाला त्या वर्षी," मावशी म्हणाल्या, "वर्ग सहा-सात महिने बंद होता. मला झोप लागायची नाही. वाटायचं, पोरींचं वर्ष गेलं. निकाल लागला तर सगळ्या नेहमीसारख्याच पास. पेढे घेऊन आल्या घरी. म्हणाल्या, तुम्ही पाया घातला होता ना. मी गणिताची मास्तरीण आहे, मला काय ते कळत नाही का? वर्गाला नुकत्याच यायला लागलेल्या पोरींचा पाया मी कधी घातला?"

"मग तुम्ही कोणाला..."

"कोणाला सांगणार? ज्याला सांगितलं असतं तो म्हणाला असता, मावशी, तुम्ही फार नम्र आहात. एकदा सांगून पाहिलं. पेपरवाल्यालाच. त्याने तसंच छापलं, किती नम्र आहेत म्हणून."

आभाला हसू आलं आणि ते दाबायच्या आत मावशीच हसल्या. त्या हसण्यात थोडं दुखणं होतं, ते आभाला दिसलं. पण त्यांचे खांदे खाली आले होते. आपण आल्यापासून त्या ताठ बसल्या होत्या हे ते खांदे सैल झाल्यावरच तिच्या लक्षात आलं.

मग मावशींनी विचारलं, "आता हे सांग. मी नसते तर या मुलींचं काय झालं असतं?"

आभा सांगायला लागली की त्या दुसरीकडे शिकवणीला गेल्या असत्या, आणि वाक्य अर्ध्यावर असतानाच थांबली. दुसरीकडे म्हणजे पैसे देऊन. घरात जर एकाच मुलाच्या शिकवणीचे पैसे असतील तर ते कोणासाठी खर्च होतात? मुलींनी दिलेल्या उत्तरांमध्ये भावाचा उल्लेख वारंवार आला होता. दादा अमक्या सरांकडे जातो, भाऊ तमक्यांकडे. तिने आणि तियाशाने ते ऐकलं होतं, पण त्यांच्या प्रश्नावलीत त्याला रकाना नव्हता, म्हणून ते सोडून दिलं होतं.

ती हळूहळू, स्वतःलाच समजावत बोलत गेली. "मावशी, आपण बहुतेक चुकीची गोष्ट मोजली. मार्क वाढतात का हे पाहिलं. तुमचा वर्ग मार्क वाढवत नसेल, पण घरावरचा एका शिकवणीचा भार उचलत असेल. काही घरांत तो उचलला नाही तर मुलगी शिकवणीला जाणारच नाही. मला हे नक्की माहीत नाही. विचारायला लागेल."

"मग विचार," मावशी म्हणाल्या. "मुलींना नको. आयांना विचार. खरं आयाच सांगतात."

आभाने आणि तियाशाने पुढचे काही दिवस आयांना गाठण्यात घालवले. कोणी कामावरून परतताना बागबाजारच्या बस थांब्यावर भेटल्या, कोणी सियालदहला गाडी सुटायच्या आधी फलाटावर. बहुतेकींनी तेच सांगितलं. इथे फुकट होतं म्हणून मुलाला इंग्रजीच्या सरांकडे घालता आलं. दोघी-तिघी म्हणाल्या, हा वर्ग नसता तर हिला घरीच बसवून अभ्यास करायला सांगितलं असतं. एकीने मात्र फटकारलं; म्हणाली, माझी मुलगी इथे गणितासाठी येत नाही, संध्याकाळी घरी तिच्या बापापासून लांब राहावी म्हणून मी पाठवते. तियाशाने ते लिहून घेतलं आणि बसने परतताना दोघी त्या एका वाक्याबद्दल बोलत राहिल्या. त्याला कुठल्याच तक्त्यात जागा नव्हती. शेवटी अहवालात ते त्या बाईच्या शब्दांत, नाव न देता, तसंच ठेवायचं ठरलं.

मांडणी कॉलेजच्या सेमिनारच्या खोलीत झाली. कंपनीकडून सुयश आणि त्याच्या वरिष्ठ प्रेमलता सेठिया आल्या होत्या, बागची मॅडम होत्या, बाहेरून आलेले एक परीक्षक होते. नलिनीमावशींनाही बोलावलं होतं आणि त्या पहिल्या रांगेत बसल्या. आभाने आणि तियाशाने दोन्ही आकडे एकाच पानावर, एकाच आकाराच्या अक्षरांत ठेवले आणि पहिला का फसवा आहे ते सांगितलं. मग आयांशी झालेलं बोलणं. मग काय माहीत नाही ते. सुयश सगळा वेळ पेनाशी खेळत होता.

शेवटी प्रेमलता सेठियांनी विचारलं, "थोडक्यात सांगा. आम्ही पाच वर्ग काढावेत की नाही?"

या प्रश्नाची तयारी दोघींनी केली नव्हती, कारण तो निर्णय त्यांचा आहे आणि उत्तर देणं आपलं काम नाही असं त्यांनी धरलं होतं. तियाशाने आभाकडे पाहिलं. आभाने समोरचे कागद बाजूला सारले.

"दहावीचे मार्क वाढावेत म्हणून काढणार असाल तर नको," ती म्हणाली. "ते वाढतील असं आम्हाला दिसत नाही. मुलींची शिकवणी पैशावाचून अडू नये, संध्याकाळी त्यांना सुरक्षित जागा असावी, हे हवं असेल तर वर्गाचा उपयोग आहे. पण मग तो अशा मुलींसाठी हवा ज्या आज कुठेच जात नाहीत. आम्ही पाहिलेल्या वर्गात त्या थोड्याच आहेत. बाकीच्या कुठे आहेत ते आम्ही शोधलेलं नाही."

प्रेमलता सेठियांनी आणखी दोन प्रश्न विचारले, काहीतरी टिपून घेतलं, आभार मानले आणि गेल्या. चेहऱ्यावरून काही कळलं नाही. परीक्षकांनी तोंडी परीक्षेत दोघींना आळीपाळीने बरंच तासलं. शेवटी त्यांनी आभाला विचारलं की या प्रकल्पातून तुम्हाला काय मिळालं. आभा म्हणाली की प्रत्येक मोठ्या आकड्यासमोर थांबून तो कोणाच्या तुलनेत मोठा आहे हे विचारायची सवय लागली, आणि आपल्याला कुठपर्यंत माहीत आहे ते घाबरल्याशिवाय सांगता येतं, हे कळलं. परीक्षकांनी मान हलवली आणि पुढच्या जोडीचा अहवाल उघडला.

बाहेर येऊन तियाशा व्हरांड्यातल्या बाकावर आडवी झाली आणि म्हणाली की आता मला दोन दिवस कोणी हाक मारू नका. आभा तिच्या पायांपाशी बसली. काम बरं झालं की वाईट, हे तिला अजून ठाऊक नव्हतं. पण गेले कित्येक आठवडे छातीवर ठेवल्यासारखं जे वजन होतं ते नव्हतं. तिला एकदम भूक लागली. दोघींनी कॉलेजसमोरच्या गाडीवर अंड्याचे रोल खाल्ले, आणि तियाशाने आणखी एक मागवला.

प्रशिक्षणार्थीच्या जागेसाठी आभाला बोलावणं आलं नाही. तिने ते गृहीतच धरलं होतं, तरी दोन दिवस वाईट वाटलं. मग एका दुपारी सुयशचाच फोन आला. आवाज जरा अवघडलेला होता. कंपनीने पाच वर्गांचा बेत सोडला होता. आहे तो वर्ग चालू ठेवायचा, मावशींच्याच दोन जुन्या विद्यार्थिनींना पगार देऊन शिकवायला ठेवायचं, आणि शिकवणीला अजिबात न जाणाऱ्या मुली कुठे आहेत ते आधी शोधून काढायचं असं ठरलं होतं. माहितीपत्रक रद्द झालं होतं.

"तेव्हा मला राग आला होता तुझा," सुयश म्हणाला. "मग विचार केला. पाच वर्ग काढले असते, पुढच्या वर्षी मार्क वाढले नसते, तर कोणाला विचारलं असतं? मलाच. बाँचे गेछि. म्हणजे वाचलो मी."

आभा म्हणाली, "मीही."

ते शोधाचं काम बागची मॅडमच्या ओळखीच्या एका छोट्या सर्वेक्षण कार्यालयाला मिळालं होतं, एस्प्लनेडला एका चपलांच्या दुकानाच्या वर. मॅडमनी तिथे आभाचं नाव सुचवलं आणि निकाल लागायच्या आधीच तिला तिथे बोलावून घेतलं. पगार बेताचा होता. श्यामकांतांनी ऑफिसचा पत्ता नीट लिहून घेतला आणि पहिल्या दिवशी, आपल्या वाटेवरच आहे असं सांगून, तिला सोडायला गेले. त्यांची बँक उलट्या दिशेला होती.

जूनच्या सुरुवातीला नलिनीमावशींचा फोन आला. वर्ग आता त्या दोघी मुली घेत होत्या आणि मावशी आठवड्यातून एकदाच जायच्या. संध्याकाळी काय करायचं ते कळत नाही, म्हणाल्या, मला घाटावर घेऊन चल. दोघी बागबाजारच्या घाटावर गेल्या. एवढी वर्षं मावशी घाटापासून चालत पाच मिनिटांवर राहत होत्या, पण सूर्य मावळायच्या वेळी वर्ग असायचा, म्हणून ही वेळ त्यांनी नदीवर कधी पाहिलीच नव्हती. पलीकडे जाणारी लाँच लागली होती. मावशी म्हणाल्या, बसू या. आभाने विचारलं, पलीकडे काही काम आहे का? काही नाही, त्या म्हणाल्या, जायचं आणि यायचं.

लाँच सुटली तसा वारा आला. मावशींनी पदर डोक्यावरून घेतला आणि कठड्याला धरून उभ्या राहिल्या. आभाने बसायला जागा धरली होती, पण त्यांना बसायचं नव्हतं. मग तीही उठून त्यांच्या शेजारी जाऊन उभी राहिली.